एकी की बेकी?

मुठीत काही चिंचोके लपवायचे, मूठ पुढे करायची आणि समोरच्या भिडूला विचारायचे, "एकी की बेकी?" त्याने बरोबर ओळखले तर मुठीतले चिंचोके त्याचे; चुकला तर तितकेच चिंचोके त्याने द्यायचे. हा खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल, निदान आजीकडून ऐकला तरी असेल. बेकीतला 'बे' म्हणजे 'बे एके बे' या पाढ्यातला बे. दोन-दोनच्या जोड्या पुऱ्या लागल्या तर बेकी, शेवटी एक उरला तर एकी. गणिताच्या पुस्तकात यांनाच सम आणि विषम म्हणतात.

खेळ फार जुना आहे आणि केवळ आपलाच आहे असेही नाही. प्लेटोच्या 'लायसिस' या संवादात व्यायामशाळेच्या एका कोपऱ्यात मुले जनावरांच्या घोट्याच्या हाडांनी नेमका हाच खेळ खेळताना दिसतात. म्हणजे सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पुढे रोमन सम्राट ऑगस्टस याने आपल्या मुलीला लिहिलेल्या एका पत्रात, जेवताना फासे किंवा एकी-बेकी खेळता यावे म्हणून पाहुण्यांना प्रत्येकी २५० नाणी दिल्याचा उल्लेख आहे. सम्राटाच्या पंगतीत चिंचोके नव्हते एवढाच फरक!

या खेळात लपलेले गणित धाकट्या भावंडांना कसे दाखवता येईल, हे या लेखात पाहू. बालवाडीतील व पहिली-दुसरीतील मुले सम संख्या ओळखायला खेळातून शिकतात; पण 'ओळखणे' म्हणजे काय, हा प्रश्न आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनीही विचारात घेण्यासारखा आहे.

मूठ उघडल्यावर उत्तर तपासायचे कसे? मोठी माणसे चिंचोके मोजतात, 'तेरा' म्हणतात आणि मग तेरा विषम असे ठरवतात. चार वर्षांच्या मुलाला तेरापर्यंत बिनचूक मोजता येतेच असे नाही. ते दोन-दोन चिंचोके बाजूला सारत जाते. शेवटी एक उरला की "एकी!" म्हणून ओरडते. किती चिंचोके होते हे त्याला ठाऊक नाही, तरी उत्तर अगदी बरोबर आहे. याचा अर्थ असा, की संख्या सम आहे की नाही हे कळण्यासाठी संख्येचे नाव माहीत असण्याची गरज नाही. लग्नघराच्या दाराशी पडलेल्या चपला सम आहेत की विषम, हे जोड्या लावून सांगता येते; चपला किती हे कोणीही मोजलेले नसते.

म्हणून सुरुवात जोड्यांपासून करावी. सम, विषम हे शब्द पहिल्या काही दिवसांत उच्चारण्याचीही घाई नको. 'जोडी लागली' आणि 'एक उरला' एवढे पुरते. 'डोंगराला आग लागली' हा खेळ यासाठी छान आहे. मुले गोल फिरतात, ताई एक आकडा पुकारतात आणि तितक्या-तितक्यांचे गट करायचे असतात. येथे ताईंनी 'दोन' पुकारावे. वर्गात २३ मुले असतील तर ११ जोड्या होतात आणि एक मूल उरते. नेहमीच्या खेळात ते बाद होते. येथे त्याला बाद करू नये. ताईंनी स्वतः त्याचा हात धरावा. आता कोणी उरले नाही! एकाची भर पडली आणि एकीची बेकी झाली, हे मुलांच्या डोळ्यांदेखत घडते. दुसऱ्या दिवशी एक मूल गैरहजर असले तर काय होते, तेही पाहता येते. उरलेल्या मुलाला कमीपणा वाटू नये याची काळजी मात्र घ्यावी. एरवी आपल्याकडे विषम संख्येला मानच अधिक. गणपतीला मोदक २१ आणि आहेराच्या पाकिटात रुपये १०१.

डॉ. मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणसाधनांत अंकांबरोबर तांबड्या चकत्या असतात. मूल १ ते १० हे अंक ओळीने मांडते आणि प्रत्येक अंकाखाली तितक्या चकत्या दोन-दोनच्या ओळींत ठेवते; एकच उरली तर ती खाली मधोमध. चकत्या एकूण ५५ असतात. त्यामुळे १० पर्यंत येताना कमी पडल्या वा उरल्या, तर कोठे तरी चूक झाली हे मुलाला कोणी न सांगताच कळते. मग ते दोन रांगांमधून वरून खाली बोट फिरवते. ४, ६, ८ यांच्यामधून बोट आरपार निघून जाते. ५ किंवा ७ मध्ये शेवटच्या चकतीपाशी अडते. आरपार वाट असलेली संख्या सम, वाट अडवणारी विषम. यासाठी विकतचे साधन हवेच असे मुळीच नाही. १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ यांनी खेड्यातील मुलांसाठी जे काम सुरू केले, त्यात आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणसाधने करण्यावर भर होता. चिंचोके, सागरगोटे, शिंपले, बाटलीची झाकणे, जे हाताशी असेल ते चालेल.

थोड्या मोठ्या मुलांसाठी हीच मांडणी पुठ्ठ्यावर उतरवा. चौकटीचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून दोन चौकटी रुंदीचे तुकडे कापा. ६ चा तुकडा म्हणजे सरळ आयत. ७ च्या तुकड्याला तीन पुऱ्या ओळी आणि टोकाला बाहेर आलेली एक चौकट. तिला आपण 'दात' म्हणू. आता मुलांना तुकडे जोडू द्या. दोन बिनदातांचे तुकडे जोडले तर आयतच मिळतो. एक दातवाला आणि एक बिनदाताचा जोडला तर दात राहतोच. पण ७ आणि ५ हे दोन दातवाले? त्यांतील एक उलटा फिरवून दाताला दात भिडवला की दोन्ही दात मिळून एक पुरी ओळ होते आणि १२ चा गुळगुळीत आयत तयार होतो.

आठवी-नववीतील वाचकांनी येथे थोडे थांबावे. विषम अधिक विषम बरोबर सम, हे तुम्ही बीजगणितात असे लिहिता:

(२म + १) + (२न + १) = २(म + न + १)

उजव्या कंसातला तो शेवटचा १ कोठून आला? तो एक 'ओळ' आहे. दोन दात मिळून झालेली. पुठ्ठ्याचे तुकडे जोडणाऱ्या सात वर्षांच्या मुलाने तुमचीच सिद्धता हातांनी केली आहे. त्याने ७ आणि ५ घेतले होते खरे, पण त्याचे लक्ष तुकडे किती लांब आहेत याकडे नव्हतेच, दातांकडे होते. म्हणून त्याचे म्हणणे सर्व विषम संख्यांना लागू पडते. याच मुलाला विचारा: १, ३, ५, ७, ९ यांतून हवे ते पाच आकडे घेऊन, एकच आकडा पुन्हा घेतला तरी चालेल, बेरीज २० करून दाखव. बरीच मोठी माणसे या कोड्यात अर्धा तास घालवतात. तुकड्यांनी खेळलेले मूल म्हणेल, "पाच दात आहेत, एक उरणारच!"

आता एका बारीक पण महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. सम संख्येचे दोन अर्थ आहेत. सहा लाडूंच्या दोन-दोनच्या तीन जोड्या होतात, हा एक अर्थ. सहा लाडू बहीण-भावात वाटले तर दोघांना सारखे तीन-तीन मिळतात, हा दुसरा. मोठ्यांना हे दोन्ही एकच वाटतात, मुलांना तसे वाटत नाही, आणि मुलांचे चूक नाही. पहिल्या वेळी गट दोघा-दोघांचे आणि गटांची संख्या तीन. दुसऱ्या वेळी गट तिघांचे आणि गटांची संख्या दोन. दोहोंचे उत्तर नेहमी जुळतेच, हे समजावून घ्यावे लागते. त्यासाठी सहा चिंचोके दोन रांगांत मांडा. मुलाला एका बाजूने पाहू द्या: दोन-दोनच्या तीन ओळी. मग त्याला काटकोनात फिरवून दुसऱ्या बाजूला बसवा: तीन-तीनच्या दोन ओळी. चिंचोके हलले नाहीत, मूल हलले. बे त्रिक सहा आणि तीन दुणे सहा यांतील नाते समजण्याची सुरुवात येथेच होते.

पाढ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बेचा पाढा पाठ असलेल्या मुलाला सम संख्या आयत्याच मिळतात, हे खरे. पण पाढा 'बे दाहे वीस' येथे थांबतो, आणि काही मुलांची सम संख्याही तेथेच थांबते! तेव्हा पुढे कोणी तरी नियम सांगून टाकतो: शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ असेल तर संख्या सम. नियम उत्तम आहे, पण तो फार लवकर हातात पडला तर घोटाळे होतात. ३६ सम की विषम, असे विचारल्यावर "३ विषम, ६ सम, म्हणून अर्धी-अर्धी" असे उत्तर येते. शेवटचाच अंक का पाहायचा हे मुलाला कोणी दाखवलेले नसते.

ते दाखवायला काड्यांचे गठ्ठे पुरतात. दहा काड्यांचा एक गठ्ठा बांधताना मुलाला आधी त्या दहा काड्यांच्या जोड्या लावायला सांगा. पाच जोड्या होतात, काही उरत नाही. मग रबर लावा. आता ३६ म्हणजे तीन गठ्ठे आणि सहा सुट्या काड्या. गठ्ठे सोडायचे का? नको, त्यांत जोड्या आधीच लागलेल्या आहेत. प्रश्न फक्त सुट्या काड्यांचा. शंभराचा गठ्ठा म्हणजे दहाचे दहा गठ्ठे, त्यालाही सोडायला नको. एकदा हे पटले की ७५,३१८ सम आहे, असे दुसरीतले मूल ती संख्या नीट वाचता न येताही सांगेल.

गठ्ठा दहाचा आहे म्हणूनच हे जमते. गठ्ठा सातचा असता तर? असा गठ्ठा आपण रोज वापरतो, तो म्हणजे आठवडा. '३ आठवडे १ दिवस' यात सुटा दिवस एकच, म्हणून ही विषम संख्या वाटते. पण ते होतात २२ दिवस. प्रत्येक आठवड्याच्या पोटात एक दात आहे. तीन आठवड्यांचे तीन दात आणि सुटा एक, मिळून चार. येथे शेवटचा अंक पाहून भागत नाही, आठवडे आणि सुटे दिवस यांची बेरीज पाहावी लागते. पायथा सात असलेल्या संख्यालेखनात संख्या सम केव्हा असते, याचा नियम आता तुम्हांला स्वतःच सापडेल. पायथा बारा असला तर मात्र डझनांकडे बघायलाच नको. पाच डझन आणि तीन केळी म्हणजे विषम केळी.

आठवड्यातला हा दात भिंतीवर रंगवून पाहता येतो. जुनी दिनदर्शिका घ्या आणि लहान मुलांना सम तारखांच्या चौकटी रंगवायला सांगा. बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटते! आडव्या ओळीत सम-विषम एकाआड एक येणे साहजिक आहे, पण उभ्या ओळीतही तसेच व्हावे, ही आठवडा सात दिवसांचा असल्याची करामत. आठवडा सहा दिवसांचा असता तर नुसते पट्टे उमटले असते. मुलांना सहा रकान्यांचे खोटे कॅलेंडर आखून द्या आणि स्वतः पाहू द्या.

पुण्यासारख्या शहरात काही रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला वाहने उभी करण्याची पाटी असते. दोन्ही बाजूंना सारखाच न्याय मिळतो का? ३१ दिवसांच्या महिन्यात विषम तारखा १६ आणि सम १५. असे महिने सात. ३० दिवसांच्या चार महिन्यांत आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत दोन्ही सारख्या. वर्षाचा हिशेब केला तर विषम तारखा १८६ आणि सम १७९. लीप वर्षी २९ फेब्रुवारीमुळे विषमचा आणखी एक वाढतो. ३१ तारखेच्या पाठोपाठ १ तारीख येते, म्हणून विषम बाजूचा लागोपाठ दोनदा नंबर लागतो. फरक पडतो तो तेथे.

आता शून्य. रिकामी मूठ पुढे करून "एकी की बेकी?" विचारले तर? मुले आधी हसतात, मग भांडतात. "काहीच नाही तर जोडी कुठली?" असे एक म्हणते. दुसरे म्हणते, "पण एकटाही कोणी उरला नाही ना!" दुसऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. खडूने अंगणात संख्यारेषा आखून दहावरून मागे दोन-दोनच्या उड्या मारायला लावा: ८, ६, ४, २ आणि पुढची उडी थेट शून्यावर. सम संख्यांच्या रांगेत शून्याची जागा ठरलेली आहे. हा प्रश्न पोरखेळ वाटेल, पण १ ते १५ जानेवारी २०१६ या काळात दिल्लीत प्रदूषण कमी करण्यासाठी सम तारखेला सम आणि विषम तारखेला विषम क्रमांकाच्या मोटारी रस्त्यावर आणण्याचा नियम केला, तेव्हा शेवटी ० असलेल्या मोटारी सम धरल्या जातील असे स्पष्ट करणे भाग पडले.

शून्याला खेळात घेतले की न घेतले, याने खेळाचा न्यायही बदलतो. चिंचोक्यांऐवजी बोटांनी खेळा. दोघांनी एकदम एकेका हाताची बोटे दाखवायची आणि बेरीज एकी की बेकी ते पाहायचे. प्रत्येकाला १ ते ५ बोटे दाखवता येत असतील तर एकूण २५ प्रकार होतात. दोघांचीही विषम असण्याचे ३ × ३ म्हणजे ९, दोघांचीही सम असण्याचे २ × २ म्हणजे ४; बेकीचे मिळून १३ आणि एकीचे उरलेले १२. बेकी मागणाऱ्याला किंचित फायदा! बंद मूठ म्हणजे शून्य धरून चालले तर प्रकार ३६ होतात, १८ एकीचे आणि १८ बेकीचे. अर्थात प्रत्येक बोटसंख्या सारख्याच वेळा दाखवली जाते असे धरून. प्रत्यक्षात मुले पूर्ण पंजा फार वेळा दाखवतात की काय, ते शंभर डाव खेळून नोंदवून पाहा.

सम संख्या 'ओळखणे' आणि 'समजणे' यांत किती अंतर असू शकते, याचे एक मजेदार उदाहरण मधमाश्यांचे आहे. ऑस्ट्रेलिया व फ्रान्समधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मधमाश्यांना १ ते १० आकृत्या असलेली कार्डे दाखवून शिकवले. काही माश्यांना सम कार्डावर साखरपाणी आणि विषम कार्डावर कडू क्विनीन, तर काहींना उलट. नंतर कधीच न पाहिलेल्या ११ आणि १२ आकृत्यांच्या कार्डांनाही माश्यांनी सुमारे ७० टक्के वेळा बरोबर ओळखले. माशी ओळखते, पण "तुला कसे कळले?" असे तिला विचारता येत नाही. मुलाला विचारता येते, आणि तो प्रश्न विचारायला शिक्षकांनी विसरू नये.

तो विचारल्यावर काय घडू शकते हे १९९० च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगन राज्यात दिसले. डेबोरा बॉल या शिक्षिका तेथे तिसरीचा वर्ग घेत होत्या. एक मुलगा म्हणाला, "सहा ही संख्या सम आहे आणि विषमही असू शकते." का? तर सहामध्ये दोनच्या तीन जोड्या आहेत, आणि तीन विषम आहे. बाईंनी 'चूक' म्हणून त्याला खाली बसवले नाही. वर्गात वाद रंगला. एका मुलीने हरकत घेतली, की मग दहाही तसेच म्हणावे लागेल, पाच जोड्या आहेत म्हणून. असे करत गेलो तर कसे चालेल? मुलगा डगमगला नाही; दहाही तसेच, म्हणाला. सम म्हणजे काय याची व्याख्या आता वर्गाला स्वतःच घासूनपुसून घ्यावी लागली. सहा सम आहे, विषम नाही, हे ठरले. पण २, ६, १०, १४ या संख्यांचे काही तरी वेगळेपण आहे हेही दिसले, आणि वर्गाने त्यांना त्या मुलाचेच नाव दिले.

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक गणिती निकोमाकस याने, जिचा अर्धा भाग विषम असतो अशा सम संख्येसाठी एक वेगळा शब्द वापरला आहे. त्या ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ 'सम-विषम' असाच होतो!

या संख्यांचा आणखी एक गुण आहे. दोन पूर्ण संख्यांचे वर्ग घेऊन त्यांची वजाबाकी करा. ३ = ४ − १, ५ = ९ − ४, ८ = ९ − १, १२ = १६ − ४. कोणतीही विषम संख्या अशी मिळते, कारण (न + १)² − न² = २न + १. चारच्या पटीतील कोणतीही मिळते, कारण (न + १)² − (न − १)² = ४न. पण ६ काही केल्या मिळत नाही, १० मिळत नाही, १४ नाही. अ² − ब² चे अवयव (अ − ब) आणि (अ + ब) असे पडतात. या दोहोंतील फरक २ब, म्हणजे सम; म्हणून दोन्ही अवयव एक तर विषम, नाही तर दोन्ही सम. दोन्ही विषम असले तर गुणाकार विषम, दोन्ही सम असले तर गुणाकाराला ४ ने भाग जातो. सहाला यांपैकी एकाही घरात जागा नाही. चिंचोके चौरसात मांडून, कोपऱ्यातून लहान चौरस काढून हे करून पाहा, आणि २०२६ या वर्षाचा आकडा तुमच्या हाती लागतो का तेही तपासा.